टर्बो बदलल्याचे ८६,४०० घेतले, टर्बो जुनाच निघाला

लिहायला लाज वाटतेय, पण लिहितो, कारण टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) असलेल्या पेट्रोल गाडीमागे निळा धूर दिसला की बरेच जण घाबरून जातात आणि घाबरलेला माणूस या लोकांना बरोबर ओळखू येतो. माझे एकूण १,१७,२०० गेले. टर्बो ८६,४००, ऑइल कॅच कॅन (वाफेतलं ऑइल अडवायचा डबा) १४,७५०, मजुरी ९,२००, ऑइल आणि कसलीतरी बाटली ६,८५०. झोपेतून उठवलं तरी आकडे सांगेन.

गाडी दोन मिनिटं आयडलवर (इंजिन चालू, गाडी जागेवर) उभी राहिली की निघताना मागे निळा ढग, ऑइल हजार किलोमीटरला पाऊण लिटर कमी आणि बॉनेटमधून बारीक शिट्टी. निळा म्हणजे ऑइल, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा आणि थांबतच नाही म्हणजे कूलंट, एवढं मलाही येतं, अगदीच बावळट नाही मी. गॅरेजवाल्याने टर्बोचा पाइप काढला, आत बोट फिरवलं आणि ऑइल लागलेलं बोट माझ्या नाकासमोर धरलं. मग टर्बोचा शाफ्ट (पंख्याचा दांडा) हलवून दाखवला, "बघा सर किती प्ले आहे, गेला हा." हलत होता खरा, पटलं मला. अहो तो आडवा थोडा हलतोच! बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगतं, इंजिन बंद असताना प्रेशर कुठून येणार? बघायचा असतो पुढेमागे होणारा प्ले, तो जवळपास जाणवायलाच नको, आणि ब्लेड हाउसिंगला घासलेत का ते. पाइपमध्ये ऑइलचा पातळ थर तर धडधाकट गाडीतही सापडतो.

पण हे नंतर वाचून कळलं, ते सोडा. समोर घडलेलं मला दिसलं नाही याचं काय करू? इंजिन चालू होतं, शिट्टी वाजत होती, हाताखालच्या पोराने सहज डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) ओढली आणि शिट्टी बंद. परत खुपसली, शिट्टी सुरू. पोरगं मालकाकडे बघतंय, मालक पोराकडे, मग मालक म्हणाला "तू जा रे, ती दुसरी गाडी धुवायला घे." मी हातभर अंतरावर उभा होतो! टर्बोची शिट्टी डिपस्टिक ओढल्यावर कशाला बंद होईल? त्याआधी चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडायला मालकाला दोन्ही हात लावावे लागले, जणू आतून कुणी धरून ठेवलंय, तेही बघितलंच होतं. तुम्ही म्हणाल विचारायचं ना. विचारणार होतो, पण दुसऱ्या दिवशी आईला दवाखान्यात न्यायचं होतं, गाडी हवीच होती, आणि समोरचा इतक्या खात्रीने बोलत असला की आपणच अडाणी वाटतो.

कॅच कॅन का, तर "नवा टर्बो पुन्हा ऑइलने खराब व्हायला नको." चारशे किलोमीटरनंतर कॅनमध्ये १८० मिली ऑइल जमलं, मी खुशीत फोटो पाठवला, तो म्हणतो "बघा सर, काम करतोय!" आणि मी थँक्यू म्हटलं. थँक्यू! इतकं ऑइल तिथे येतंय म्हणजे आतलं दुखणं तसंच आहे हे कळू नये? कॅन फक्त क्रँककेसच्या (इंजिनाचा खालचा, ऑइल असलेला भाग) वाफेतलं ऑइल अडवतो. पिस्टनच्या रिंग गेल्या असतील, व्हॉल्व्हचे सील गेले असतील, टर्बोचा सील गेला असेल, यातलं काहीही तो बरं करत नाही. माझा तर उघडल्यावर आत ना जाळी ना आडपडदे, बाहेरून लाल चकचकीत, आत रिकामा डबा.

महिन्याने धूर परत. दुसऱ्या मेकॅनिकने आधी डिपस्टिकच ओढली, शिट्टी थांबली आणि तो हसला. पीसीव्हीचा (क्रँककेसची वाफ परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटलेला, अंगठ्याच्या नखाएवढी चीर. त्यातून मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणारा पाइप) व्हॅक्युम थेट क्रँककेस ओढतो, शिट्टी त्या ओढीचीच, डिपस्टिक काढली की तिथून हवा शिरते आणि ती थांबते, ऑइलची वाफ सरळ सिलिंडरमध्ये जाते, आयडलला व्हॅक्युम जास्त म्हणून धूर तेव्हाचाच. खर्च ५,३०० मजुरीसकट. मग त्याने टॉर्च मारून टर्बोचे नट दाखवले, गंज जसाच्या तसा, पान्याची एक खूण नाही. टर्बो नुसता बाहेरून पुसलेला. मधले काही दिवस धूर कमी का होता, तर ५डब्ल्यू-३० च्या जागी २०डब्ल्यू-५० ओतलं होतं आणि वर ती बाटली. इतक्या जाड ऑइलवर थंड इंजिन सुरू केलं की टर्बोला ऑइल उशिरा पोचतं, म्हणजे चांगला टर्बो मारायचीही सोय!

काढलेला पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. डब्यावरचा नंबर आणि बसवलेल्या पार्टवरचा नंबर, दोन्हींचे फोटो. टर्बो म्हटलं की आधी पीसीव्ही बघा म्हणा, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. कमी आलं तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत घ्यायला लावा, वाढलं तर रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. "कशाला सर, अनुभव आहे आपल्याला" म्हणाला की चावी घेऊन निघा.

पोलिसांत गेलो. "हे दिवाणी आहे, ग्राहकवाल्यांकडे जा." तिथे गेलो तर ऑनलाइन भरा, ऑनलाइन भरलं तर बिल स्पष्ट नाही, स्पष्ट बिल जोडलं तर तज्ज्ञाचा रिपोर्ट आणा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये रिपोर्ट मागितला तर "बाहेरचा कॅन लावलाय, आम्ही लिहून देणार नाही." अहो तो कॅन लावला म्हणूनच तर तक्रार आहे! दुसऱ्या मेकॅनिकने साध्या कागदावर लिहून दिलं, ते चालत नाही कारण त्याच्याकडे शिक्का नाही. मध्येच मेसेज आला, आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. कुणी केलं, कधी केलं? फोन केला की बावीस मिनिटं संगीत. पुन्हा तक्रार, नवा नंबर, पुन्हा तेच बिल.

काल ग्राहकवाल्यांचं उत्तर आलं. पुरावा म्हणून गाडीतून काढलेला जुना टर्बो १५ दिवसांत जमा करा म्हणे. आज सकाळी त्याच टर्बोवर ऑफिसला आलो.