केळीच्या गाडीतला जीपीएस ट्रॅकर: आठ महिन्यांनंतर

आमची गाडी चोपड्याहून केळी भरून शिरपूर, सेंधवा, इंदूरमार्गे दिल्लीला जाते. ट्रॅकर बसवला तेव्हापासून नकाशा, वेग, थांबे सगळं मोबाईलवर. सहा महिने तक्रारीला जागाच नव्हती.

मग बिजासन घाट चढला की ठिपका गोठायला लागला. कधी चाळीस मिनिटं, कधी दीड तास. बसवणाऱ्याने अँटेना बदलली, पैसे घेतले, फरक शून्य. एका रात्री ॲपमधला कोणी न बघणारा तपशील उघडला: इग्निशन चालू, बॅटरी २७.६ व्होल्ट, नेटवर्क फुल, उपग्रह ०. तेवढ्यात फास्टॅगचा मेसेज आला, गाडीने पुढचा टोल ओलांडला म्हणून. वर मोकळं आभाळ आणि उपग्रह एकही नाही?

गाडी परतली तेव्हा लायटरच्या सॉकेटमध्ये बोटभर यंत्र सापडलं, वर आखूड शेंडी. ड्रायव्हर म्हणाला, "आप्पा, चार्जर शे तो." चार्जरला वायर लावायला भोकच नव्हतं! जॅमर होता तो. जीपीएसचा उपग्रह २०,२०० किलोमीटरवर. त्याचा सिग्नल इथवर येईतो इतका क्षीण होतो की असलं खेळणंही त्याला दाबून टाकतं. असा जॅमर वापरणं बेकायदा आहे, हेही त्याला ठाऊक नव्हतं. अमेरिकेत २०१२ साली मालकाला चुकवायला एका ड्रायव्हरने हेच केलं, तर न्यूअर्क विमानतळावर चाचणीत असलेली विमान उतरवायची यंत्रणा अडखळली. दंड ३१,८७५ डॉलर.

तरी ठिपका गायब झाला, निदान कळलं. कोणी खोटा सिग्नल पाठवला, तर ठिपका मजेत चालत राहील, भलत्याच रस्त्याने. जीपीएसच्या नेहमीच्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या सिग्नलवर (त्याला एल१ म्हणतात) सही-शिक्का काही नसतो. रिसीव्हर मिळेल ते खरं मानतो. २०१९ मध्ये चाचणी करणाऱ्यांनी टेस्ला मॉडेल ३ ला असंच फसवलं, गाडी आपणहून चुकीच्या फाट्याला वळली. गॅलिलिओ या युरोपच्या जीपीएससारख्या उपग्रह यंत्रणेने २०२५ मध्ये सिग्नलवर डिजिटल सही सुरू केली, पण आमच्या डबीला ती वाचता येत नाही.

पाचात तीन स्टार. इग्निशन चालू, नेटवर्क चालू आणि उपग्रह ० दिसले की अलार्म वाजवायला काय जातं? दोन स्टार तिथेच कापले.

ड्रायव्हरला काढलं नाही. गाडी थांबली की मी फोन करायचो, म्हणून बिचारा ठिपका मारून झोपायचा. आता सेंधव्याला दीड तास थांबा ठरवून दिलाय. ठिपकाही तिथे दीड तास थांबतो.