मांडवामागचे चार तास आणि ई-इंक टॅबलेट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या गणपतीत कराडजवळच्या एका मंडळात शेवटच्या दोन गाण्यांना पाऊस आला आणि माझ्या पाच वह्यांमधली सगळ्यांत जुनी वही भिजली. बॉलपेननं लिहिलेलं टिकलं, शाईचं सगळं पसरलं. मुखडा, अंतरा, मधले वाद्यांचे पीस, कुठल्या गायिकेची पट्टी (गाण्याचा मूळ सूर) काळी चार आणि कुणाची काळी पाच, असा अठरा वर्षांचा ऐवज त्या वह्यांत होता. दिवाळीच्या तोंडावर मी ई-इंक पडद्याचा, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पडद्याचा, टॅबलेट घेतला. पेन आणि कव्हर धरून अडतीस हजार गेले. कंपनीचं नाव देत नाही. मला सांगायचंय ते या जातीच्या पडद्याबद्दल, आणि १०.३ इंची, १८७२ बाय १४०४ ठिपक्यांचा असा पडदा बऱ्याच कंपन्यांच्या टॅबलेटांत असतो.

मी कीबोर्ड वाजवतो. घर चालतं ते ऑर्केस्ट्रा आणि लग्नाच्या सुपाऱ्यांवर. शिवाय पुण्यात आमचा चौघांचा एक बँड आहे, तो फक्त स्वतःची मराठी गाणी करतो. दोन्हीकडे दिवस सारखाच जातो : साउंड चेक चारला, कार्यक्रम आठला. मधले चार तास मांडवामागे, ग्रीनरूममध्ये नाहीतर टेम्पोत. त्या वेळात मी गेली पंधरा वर्षं वेबकॉमिक्स, म्हणजे इंटरनेटवर येणाऱ्या चित्रकथा, वाचत आलोय. त्यामुळे या टॅबलेटकडून मला दोन कामं हवी होती : स्टेजवर वही आणि स्टेजमागे कॉमिक्स. पहिलं काम तो मनापासून करतो. दुसरं अर्धंच.

या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. आत बारीक कुप्यांमध्ये काळे आणि पांढरे कण असतात, विजेच्या भारानं ते वर-खाली होतात आणि पान उमटतं. एकदा उमटलेलं पान तसंच राहायला वीज लागत नाही. म्हणून रोज दोन-तीन तास वापरूनही माझी बॅटरी आठवडाभर जाते. चार्जरसाठी स्टेजवर प्लग शोधायचं काम संपलं.

पहिली परीक्षा दिवाळी पहाटेची झाली. सोसायटीच्या पटांगणात बरोबर सहाला सुरुवात, तेव्हा अंधार. शेवटच्या भजनापर्यंत ऊन थेट कीबोर्डवर. माझ्या जुन्या साध्या टॅबलेटवर अशा वेळी फक्त माझाच चेहरा दिसायचा, आणि चैत्रातल्या एका जत्रेत दुपारी तो तापून बंदच पडला होता. इथे उलट झालं. ऊन जसं वाढलं तसं पान अधिक स्वच्छ दिसू लागलं. अंधारात पानावर उजेड टाकणारा टॅबलेटचा पुढचा दिवा अगदी मंद ठेवला तरी पुरतो, आणि पहिल्या रांगेला माझा उजळलेला चेहरा दिसत नाही.

एक अडचण मात्र स्टेजवरच कळते. हा पडदा बाहेरच्या उजेडावर जगतो, म्हणून लाइटवाला जो रंग टाकेल तो रंग पानाला चढतो. लाल रंगात वाचता येतं. गडद निळ्यात काळी अक्षरं बुडतात. आता कार्यक्रमाआधी लाइटवाल्या दादांना भेटून माझ्या कोपऱ्यात निळा नको म्हणून सांगून ठेवतो.

वह्या स्कॅन करणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं. मी पीस सरगमात लिहितो, भातखंडे पद्धतीनं : कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, तार म्हणजे वरच्याला वर. पान पांढरंशुभ्र दिसावं म्हणून मी स्कॅनमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवला, तशी पेन्सिलीची टिंबं उडाली. एका गाण्याच्या सुरुवातीच्या पीसमध्ये मंद्र पंचम मध्य पंचम होऊन बसला आणि तालमीत मी तो तसाच वाजवला. बासवाल्यानं मान वर करून पाहिलं तेव्हा कळलं. त्यानंतर तीनशे डीपीआय (इंचाला तीनशे ठिपके), ग्रे स्केल (राखाडी छटांसकट) आणि कॉन्ट्रास्टला हात नाही. कागद थोडा मळकट दिसतो, चालतं.

पान उलटायला ब्लूटूथ पेडल लावलंय. दाबल्यापासून पान यायला किंचित वेळ जातो, म्हणून शेवटच्या ओळीच्या आधीच्या मात्रेला दाबायचं. आठवडाभरात पायाला सवय झाली. मागच्या पानाची पुसट सावली नव्या पानावर राहते. ती घालवायला पडदा क्षणभर पूर्ण काळा होऊन परत येतो. हे गाण्याच्या मध्येच झालं तर बोटं थांबतात. मी आपोआप साफ होणं बंद केलंय आणि निवेदक बोलत असताना स्वतः करतो.

पेनानं लिहिणं ही या यंत्रातली सगळ्यांत मोठी सोय. साउंड चेकला गायक म्हणतो, आज घसा बसलाय, काळी एक नको, पांढरी एक घ्या. मी जुनं पान तसंच ठेवून त्याची प्रत काढतो, वर तारीख घालतो, आणि पुढच्या वेळी दोन्ही हाताशी असतात. उघड्यावरच्या कार्यक्रमाला रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो. शासनानं सूट दिलेले थोडे दिवस सोडले तर हा नियम वर्षभर असतो. भाषणं लांबली की पावणेदहाला उरलेल्या सहा गाण्यांतली कुठली तीन घ्यायची हे ठरवावं लागतं. आता मी यादीवर पेनानं काट मारतो आणि टॅबलेट वर धरतो. ऑक्टापॅडवाला (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य वाजवणारा) लांबूनच वाचतो. फेब्रुवारीत आमच्या बँडचा शंभरावा कार्यक्रम झाला, त्या यादीचं पान काटाकुटीसकट जपून ठेवलंय.

बँडचं आणखी एक पान आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला. हे आम्हाला माहीत होतं, पण गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासद व्हायला आम्ही आठ वर्षं लावली. गाणी नोंदवताना प्रत्येकाचा वाटा लिहून द्यावा लागतो. डिसेंबरात खंबाटकी घाटाच्या आधी एका ढाब्यावर चौघं बसलो, मधे हा टॅबलेट, आणि अकरा गाण्यांपुढे शब्द कुणाचे, चाल कुणाची हे लिहीत गेलो. एका गाण्याची चाल ढोलकीवाल्याच्या तोंडी ठेक्यातून निघाली होती, हे त्या दिवशी पहिल्यांदा कागदावर आलं. माझ्यासाठी तो शंभराव्या कार्यक्रमाहून मोठा टप्पा आहे.

आता वेबकॉमिक्स. रँडल मन्रो यांचं एक्सकेसीडी २००५ पासून चालू आहे, सोमवार, बुधवार, शुक्रवार. काडीची माणसं, बारीक काळी रेघ. इंचाला २२७ ठिपक्यांच्या या पडद्यावर ते छापील मासिकासारखं दिसतं. पण त्यातली अर्धी गंमत चित्रावर माउस नेल्यावर दिसणाऱ्या ओळीत असते, आणि इथे माउस कुठला. त्यांचं मोबाइलसाठीचं पान उघडलं की बोटानं ती ओळ दिसते. हे सापडेपर्यंत मी दोन महिने अर्धंच वाचत होतो.

जेफ जॅक्स यांच्या क्वेश्चनेबल कंटेंटवर माझा जीव आहे. २००३ साली सुरू झालं, आठवड्याला पाच भाग, आणि आता पाच हजारांच्या पुढे गेलंय. त्यातला मुलगा गिटार वाजवतो, त्याची मित्रमंडळी बँडबद्दल तासन्‌तास भांडतात, आणि काढणारा माणूस स्वतःही संगीत करतो, ते वाचताना जाणवतं. चार चौकटींची पट्टी मला तालासारखी वाटते : तीन चौकटी वजन वाढवतात, चौथीत सम (तालाची पहिली, ठाम मात्रा) येते. सम चुकली की विनोद पडतो. सुरुवातीचे भाग काळे-पांढरे आहेत, ते इथे सुरेख दिसतात. पुढे रंग येतो आणि सगळं राखाडी होतं.

रंगाचं दुःख खरं जाणवलं ते ग्रीन ह्यूमरला. नागपूरचे रोहन चक्रवर्ती २०१० पासून वन्यजीवांवर ही व्यंगचित्रं काढतात. त्यांच्या चित्रात पक्ष्याचा रंग हाच कधी कधी मुद्दा असतो, आणि माझ्याकडे तो पक्षी धुरकट येतो. रंगीत ई-इंक मित्राकडे पाहिलं. त्यात काळं-पांढरं इंचाला ३०० ठिपके, पण रंगात १५० च. रंग वर्तमानपत्रातल्या पुरवणीसारखे फिके. मी बदलणार नाही.

कोरियातून आलेली उभी सरकवायची वेबटून मात्र यावर वाचूच नका. ती फोनच्या पडद्यासाठी घडलीत. दोन चित्रांमधली लांब मोकळी जागा म्हणजे गाण्यातली रिकामी मात्रा असते, बोट किती वेळ सरकतं त्यावर धडधड वाढते. इथे सरकवलं की सावल्यांचा चिखल होतो, आणि पानापानानं गेलं तर तो विराम मधेच कापला जातो. त्यासाठी मी अजून फोनच वापरतो.

तक्रारी तीन. ऐन लग्नसराईत एक अपडेट आपोआप आलं आणि पेडल ओळखेनासं झालं. कंपनीचं उत्तर नवव्या दिवशी आलं, तोवर पाच कार्यक्रम हातानं पानं उलटून काढले. तेव्हापासून अपडेट पावसाळ्यापर्यंत बंद. दुसरी, त्यांच्या नोंदवहीत मराठी टाइप केलं की जोडाक्षरं फुटतात, ज्ञ चे दोन तुकडे होतात. हातानं लिहिलेल्याला अर्थात काही होत नाही. तिसरी, आतली काच फार नाजूक. आमच्या बासरीवाल्याचा असाच टॅबलेट मिक्सरच्या पेटीखाली दबला आणि कोपऱ्यातून तडकला. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या जवळ सांगितला. मी माझा कीबोर्डच्या केसमध्ये न ठेवता पाठीवरच्या सॅकमध्ये, पाठीच्या बाजूला ठेवतो.

ज्यांच्याकडे तीसेक गाण्यांचा संच आहे त्यांनी फाइलमध्ये प्लास्टिकचे खिसे घालावेत, पैसे वाचतील. तीन-चारशेच्या पुढे गाणी, उन्हातले कार्यक्रम आणि रोज बदलणाऱ्या पट्ट्या असतील तर घ्यावा.

सध्या आषाढ, सुपाऱ्या कमी आहेत. सहाशे चाळीसपैकी चारशे दहा गाणी आत गेलीत. भिजलेल्या वहीतली बावीस वाचता येत नाहीत, ती ऐकून पुन्हा लिहायला घेतलीत. सहा झाली.