ध्रुवावरच्या बर्फाचा नकाशा: एका लादीवाल्याचं मत

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते खाली सांगतो.

नागपूरच्या इतवारीत माझा बर्फाचा धंदा. लादीला हात लावला की जाडी सांगतो. म्हणून पुतणीनं कुलरसमोर बसवून हे दाखवलं: उत्तर ध्रुवाच्या समुद्रातल्या बर्फाच्या जाडीचा, दर आठवड्याचा नकाशा. फुकट. युरोपचे क्रायोसॅट-2 आणि स्मॉस हे दोन उपग्रह मिळून तो बनतो. पहिला क्रायोसॅट 2005 मध्ये उड्डाणातच गेला, हा दुसरा 2010 पासून फिरून राहिला आहे.

मला वाटलं, क्रायोसॅटचं रडार बर्फाच्या आरपार बघत असेल. तसं नाही. 700 किलोमीटरवरून लहर सोडायची, परत यायला लागलेला वेळ मोजायचा. बर्फाचा माथा किती उंच, भेगेतलं पाणी किती खाली, एवढंच कळतं. त्या फरकावरून बुडालेला भाग हिशेबानं काढतात. खरं वाटेना, म्हणून 20 सेंटीमीटरचा तुकडा घंगाळात सोडला. पाण्यावर जेमतेम पावणेदोन सेंटीमीटर! म्हणजे वरच्या मापात एका सेंटीमीटरची चूक झाली, की जाडीत दहाएक सेंटीमीटरची गडबड. अशा मापावर मी उधारी दिली नसती.

त्यात वर भुसभुशीत हिम. आम्ही लादीवर भुसा टाकतो तसं, फक्त हे वजनानं बर्फाला खाली दाबतं. क्रायोसॅटची लहर कोरडं हिम बरंचसं ओलांडते, ओलं असलं की फसते. अमेरिकेच्या आइससॅट-2 चा लेसर मात्र हिमाच्या माथ्यावरूनच परततो. 2020 मध्ये क्रायोसॅटची कक्षा थोडी उचलून दोघांच्या वाटा जुळवल्या. दोन्ही मापं वजा केली की भुसा किती ते कळतं. हे डोकं मला फार आवडलं. पातळ बर्फ, मीटरभराच्या आतला, स्मॉस सांभाळतो.

नकाशाची एक चौकट 25 किलोमीटरची, म्हणजे इतवारीपासून कामठीच्याही पुढपर्यंत एकच रंग. मूळ आकडे नेटसीडीएफ नावाच्या, शास्त्रज्ञ वापरतात त्या प्रकारच्या फाइलींत येतात, पुतणीशिवाय उघडल्या नसत्या.

आता कापलेला तारा. मे महिन्यात बघायला गेलो, तर नकाशा एप्रिलच्या मध्याला थांबलेला. नागपुरात 45 अंश, माझं गिऱ्हाईक रांगेत, आणि यांचं दुकान बंद! कारण पटण्यासारखं आहे: उन्हाळ्यात बर्फावर डबकी साचतात, रडारला डबकं आणि भेगेतलं पाणी सारखंच दिसतं. 2022 मध्ये संशोधकांनी संगणकाला ते ओळखायला शिकवून उन्हाळ्याचीही जाडी काढली, पण ते काम वेगळं, या नकाशात नाही.

ऑक्टोबरात परत उघडतो म्हणे. घंगाळ तोवर बायकोनं परत नेलं आहे.