नोकरी सांभाळून ट्रेडिंग: इंट्राडे, एमसीएक्स की स्विंग?

नोकरदाराने ट्रेडिंग शिकायचं ठरवलं की पहिली गाठ पडते ती घड्याळाशी. शेअर बाजार सकाळी ९.१५ ते दुपारी ३.३० चालतो, म्हणजे ऐन ऑफिसच्या वेळेत. त्यामुळे कुठे जास्त पैसे मिळतात हे विचारण्याआधी दिवसातले कोणते तास खरोखर आपले आहेत, ते पाहा.

इंट्राडेची, म्हणजे एकाच दिवसात खरेदी-विक्री उरकण्याची, ओढ सगळ्यात जास्त, आणि नवख्या नोकरदाराची सर्वाधिक फरफटही इथेच होते. बाजार उघडल्यानंतरचा वेगवान पाऊण तास लोकलमध्ये किंवा सकाळच्या मीटिंगमध्ये जातो. सौदा घेतला आणि साहेबांनी बोलावलं, की स्टॉप लॉस (ठरलेल्या भावाला तोटा थांबवणारी ऑर्डर) लावायचा राहतो. दुपारी सव्वातीनच्या आसपास ब्रोकर स्वतःच पोझिशन (उघडा सौदा) कापतो आणि त्याचं वेगळं शुल्क लावतो. शॉर्ट केलेला, म्हणजे हातात नसताना आधी विकलेला, शेअर अपर सर्किटला (दिवसाच्या कमाल भावमर्यादेला) अडकला तर तो परत घेता येत नाही आणि प्रकरण ऑक्शनपर्यंत, म्हणजे एक्स्चेंजच्या लिलावापर्यंत, जातं.

त्यात उसन्या ताकदीचा मोह. शेअर्समध्ये पाचपटीपर्यंत मार्जिन मिळतं, म्हणजे आपल्या पैशाच्या पाचपट सौदा करता येतो. ५० हजारांवर अडीच लाखांचा सौदा केला आणि भाव एक टक्का उलटा गेला, तर अडीच हजार गेले; म्हणजे भांडवलाचे पाच टक्के, एका सौद्यात. बाजार नियामक सेबीने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२२-२३ साली कॅश विभागात (थेट शेअर्सच्या बाजारात) इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सात व्यक्ती तोट्यात होत्या. वर्षात ५०० पेक्षा जास्त सौदे करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ८० टक्के होतं. खूप सौदे केले की हात बसतो, असं मानणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. तोट्यातल्या मंडळींनी तोट्याच्या वर आणखी ५७ टक्के रक्कम ब्रोकरेज, कर आणि शुल्कांत घालवली होती. म्हणून रोज संध्याकाळी ब्रोकरची कॉन्ट्रॅक्ट नोट (सौद्यांचं आणि शुल्कांचं बिल) उघडून बघाच.

एमसीएक्स या कमोडिटी बाजाराची वेळ मात्र नोकरदाराला सोयीची. सोनं, चांदी, क्रूड (कच्चं तेल) यांचे सौदे रात्री साडेअकरापर्यंत चालतात, हिवाळ्यात ११.५५ पर्यंत. जेवण उरकून शांतपणे बसता येतं. पण वेळ सोयीची असली तरी माल तापट आहे. क्रूडचा मोठा लॉट (सौद्याचं ठरलेलं माप) १०० बॅरलचा, मिनी १० बॅरलचा. भाव १०० रुपये हलला की मोठ्यात १० हजारांचा फरक, मिनीत हजाराचा. बुधवारी रात्री अमेरिकेच्या तेलसाठ्याचा आकडा आला की हे काही मिनिटांत घडू शकतं. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे एमसीएक्स संध्याकाळी पाचलाच बंद होत होतं. रात्री न्यूयॉर्कमध्ये क्रूड कोसळलं आणि इथल्या सौद्यांची पूर्तता बॅरलमागे उणे २,८८४ रुपयांनी, म्हणजे शून्याखालच्या भावाने, झाली. खरेदीदारांना बाहेर पडायची संधीच मिळाली नाही.

स्विंगमध्ये शेअर डिलिव्हरीत, म्हणजे पूर्ण पैसे भरून स्वतःच्या खात्यात, घेऊन काही दिवस किंवा आठवडे धरायचा. रात्री चार्ट बघा, जीटीटी ऑर्डर (ठरवलेला भाव आला की आपोआप जाणारी) लावा, सकाळी निवांत कामाला जा. अडचणी इथेही आहेत: सकाळी भाव मोठ्या फरकाने खाली उघडला तर स्टॉप लॉसही पूर्ण वाचवत नाही, एसटीटी हा व्यवहार कर खरेदी आणि विक्री दोन्हींवर ०.१ टक्का लागतो, आणि अल्पकालीन नफ्यावर २० टक्के कर आहे. तरीही स्वतःच्या पैशाने घेतलेल्या शेअरमध्ये विचार करायला रात्र मिळते, आणि शिकाऊ माणसाला हीच गोष्ट सगळ्यात जास्त हवी असते. उलट इंट्राडेचा नफा सट्टा-व्यवसायाचं उत्पन्न धरला जातो, आयटीआर-३ हा विवरणपत्राचा फॉर्म भरावा लागतो आणि तोटा चारच वर्षं पुढे नेता येतो. तोही फक्त तशाच नफ्यातून वजा होतो.

माझं स्पष्ट मत: पहिलं वर्ष स्विंगला द्या. इंट्राडे अनुभवायचंच असेल तर रजेच्या दिवशी, फक्त एक शेअर घेऊन, मार्जिन न घेता. एमसीएक्सकडे त्यानंतर वळा, तेही मिनी लॉटनेच. दुपारची पाळी असणाऱ्यांची सकाळ मोकळी असते, त्यांनी इंट्राडेचा विचार थोडा लवकर केला तरी चालेल.

दोन गटांना मात्र निवडीला वाव कमी आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना सेवानियमांनुसार शेअर्समध्ये सट्टा करायला मनाई आहे, आणि वारंवारची खरेदी-विक्री सट्टाच मानली जाते. परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींना एनआरआय (अनिवासी भारतीय) म्हणून इथल्या शेअर्समध्ये इंट्राडे करता येत नाही. त्यांना डिलिव्हरीच घ्यावी लागते.