सहीचा चेंडू नको, सहीचं आत्मचरित्र घ्या: बेसबॉलपटूंच्या पुस्तकांच्या संग्रहाचा अनुभव

आधी मत सांगते, मग कारणं. बेसबॉलपटूंच्या सह्या जमवायच्या असतील तर चेंडूच्या मागे लागू नका, त्यांची आत्मचरित्रं घ्या. सही केलेला चेंडू प्लास्टिकच्या चौकोनी डबीत जातो आणि तिथेच राहतो. पुस्तक वाचता येतं. वाचून झालेल्या पुस्तकावरची सही वेगळीच दिसते, कारण तोवर त्या माणसाचं गाव, त्याचे वडील, दुखऱ्या हाताने काढलेला मोसम, संघाने काढून टाकल्यावरचे दिवस हे सगळं आपल्या ओळखीचं झालेलं असतं. दुसरं कारण व्यवहाराचं आहे: सही खरी की खोटी हे तपासायला पुस्तक स्वतःच मदत करतं, चेंडू करत नाही.

मी न्यू जर्सीत राहते. क्रिकेटवर वाढलेली आहे, बेसबॉल मला मैदानापेक्षा पुस्तकांतून जास्त कळला. हा संग्रह सुरू केल्यापासून एक अख्खा मोसम आणि त्यापुढचा हिवाळा गेला, त्यामुळे आता सांगण्यासारखं बरंच जमलं आहे.

सुरुवात कुठून करावी असं कोणी विचारलं तर मी जिम बाउटनचं नाव घेते. न्यूअर्कमध्ये जन्मलेला हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, १९६३ साली न्यूयॉर्क यांकीज संघासाठी २१ सामने जिंकला. पुढे हात दुखावला, वेग गेला, तेव्हा नकलबॉलच्या, म्हणजे जवळजवळ न फिरता हेलकावे खात जाणाऱ्या संथ चेंडूच्या जोरावर तो १९६९ मध्ये सिॲटल पायलट्स या नव्या संघात आणि मग ह्यूस्टनमध्ये खेळला. त्या मोसमाच्या रोजच्या नोंदींचं पुस्तक १९७० साली 'बॉल फोर' नावाने आलं. खेळाडू घेत असलेल्या उत्तेजक गोळ्या, यांकीजचा तारा मिकी मँटल याची दारू, पगारासाठी करावी लागणारी घासाघीस, सगळं त्यात आहे. बेसबॉलचे सर्वोच्च प्रशासक, कमिशनर बोवी कून यांनी त्याला बोलावून घेतलं आणि पुस्तकातलं खरं नाही अशा अर्थाच्या निवेदनावर सही करायला सांगितली. बाउटनने ती केली नाही. वाचकांच्या प्रतींवर मात्र त्याने वर्षानुवर्षं सह्या केल्या (तो २०१९ साली गेला), म्हणून त्याची प्रत आजही सामान्य माणसाला परवडते.

इथे माझा सल्ला नेहमीच्या संग्राहकांपेक्षा वेगळा आहे. ते १९७० ची पहिली आवृत्ती शोधतात. मी म्हणेन, २००० सालची घ्या. बाउटनने दर दहा वर्षांनी पुस्तकाला नवा मजकूर जोडला, आणि २००० च्या मजकुरात त्याची मुलगी आहे, जी १९९७ मध्ये मोटार अपघातात गेली. त्यानंतर त्याच्या मुलाने न्यूयॉर्क टाइम्समध्ये यांकीजना उद्देशून पत्र लिहिलं, की माझ्या वडिलांना जुन्या खेळाडूंच्या मेळाव्याला पुन्हा बोलवा. 'बॉल फोर'पासून बाउटनला यांकीजचं दार बंद होतं. १९९८ साली ते उघडलं. ही पानं नसलेल्या प्रतीवरची सही कितीही जुनी असो, मला अर्धीच वाटते.

आता खऱ्याखोट्याबद्दल, कारण या छंदात पैसे बुडतात ते इथेच. प्रमाणपत्र बघण्याआधी सनावळी बघा. बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत तोडणारे जॅकी रॉबिन्सन यांचं 'आय नेव्हर हॅड इट मेड' १९७२ च्या शरद ऋतूत आलं आणि ते स्वतः २४ ऑक्टोबर १९७२ ला गेले. मधुमेहाने त्यांची दृष्टी तोवर जवळजवळ गेली होती. त्या पुस्तकाची 'लेखकाच्या सहीची प्रत' कोणी पुढे केली तर पाकिटाला हात लावू नये. १९४८ चं 'माय ओन स्टोरी' किंवा १९६४ चं 'बेसबॉल हॅज डन इट' असेल तर सही असणं शक्य आहे, पण मग किंमत हजारो डॉलरच्या घरात जाते. त्यांचे संघसहकारी रॉय कॅम्पानेला यांची गोष्ट तर आणखी स्पष्ट आहे. जानेवारी १९५८ मध्ये त्यांची गाडी उलटली आणि मानेखालचं शरीर लुळं पडलं. 'इट्स गुड टू बी अलाइव्ह' हे पुस्तक १९५९ चं. त्यावर लफ्फेदार, सफाईदार सही दिसली तर ती त्यांच्या हातची असूच शकत नाही, एवढं कळायला कुठल्या तज्ज्ञाची गरज नाही. पुस्तक वाचलेल्या माणसाला ते आपोआप कळतं.

प्रमाणपत्रांवर डोळे मिटून विसंबू नये याला मोठा आधार आहे. १९९० च्या दशकात एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' नावाने खोट्या सह्यांच्या टोळ्या पकडल्या, तेव्हा मदर तेरेसांची 'सही' असलेले बेसबॉलसुद्धा सापडले. त्या मालाबरोबर प्रमाणपत्रंही होती, तीही बनावट. आज पीएसए, जेएसए, बेकेट या सह्या तपासणाऱ्या संस्थांचं मत बाजारात मानलं जातं आणि महागड्या प्रतीसाठी ते जरूर घ्यावं. मात्र ते मत आहे, साक्ष नव्हे. सही होताना त्यांचा माणूस बहुतेक वेळा तिथे नसतो. आणि त्यांचं क्रमांकाचं स्टिकर पुस्तकाच्या पानावर लावू नका, वेगळं पत्र द्या, असं आधीच सांगावं.

सगळ्यात भरवशाची प्रत म्हणजे डोळ्यांदेखत सही झालेली. रिजवूडचं बुकएंड्स हे दुकान लेखक-खेळाडूंच्या सह्यांच्या कार्यक्रमांसाठी आमच्या भागात प्रसिद्ध आहे. तिकिटात पुस्तक येतं, म्हणजे साधारण पक्क्या बांधणीच्या नव्या पुस्तकाचीच किंमत पडते. रांग भराभर सरकते. असल्या कार्यक्रमांत सहसा चेंडू, फोटो, बॅट चालत नाहीत, फक्त पुस्तक. गप्पांची अपेक्षा ठेवू नये. एक वाक्य ठरवून जावं. मी त्या खेळाडूच्या पुस्तकातला एखादा प्रसंग आधी वाचून ठेवते आणि त्याबद्दल बोलते. मान वर करून बघतात, हा माझा अनुभव आहे. जुलैत कूपरस्टाउनला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचा, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानाचा सोहळा असतो तेव्हा मेन स्ट्रीटवर दुकानांपुढे टेबलं टाकून कितीतरी जुने खेळाडू बसतात. तिथे सहीचे पैसे लागतात, दर प्रत्येकाचा वेगळा. पुस्तक आपलं घेऊन गेलं तर बहुतेक करून देतात.

नुसती सही घ्यावी की आपल्या नावाने लिहून घ्यावी, यावर संग्राहकांमध्ये कायमचा वाद आहे. नाव घातलं की पुढे विकताना भाव पडतो हे खरं. तरी मी नावानेच घेते, आणि जुन्या प्रती घेतानाही कुणाच्या तरी नावाने लिहिलेल्या शोधते. एक तर त्या स्वस्त मिळतात. शिवाय दोन ओळींचा मजकूर असला की अक्षर ताडून बघायला जास्त मिळतं. खोटी सही करणाऱ्याला दहा अक्षरं जमतात, दोन ओळी जड जातात. आणि मला विकायचं नाहीच आहे.

पीट रोझची दोन पुस्तकं एकत्र घ्यावीत अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. ४,२५६ हिट्सचा (बॅटने चेंडू मारून बेस गाठण्याचा) विक्रम करणारा हा माणूस १९८९ साली जुगारावरून आजन्म बाहेर काढला गेला. त्याच वर्षीच्या पुस्तकात त्याने बेसबॉलवर पैसे लावल्याचं नाकारलं, आणि २००४ च्या 'माय प्रिझन विदाउट बार्स'मध्ये कबूल केलं. रोझ सप्टेंबर २०२४ मध्ये गेला. मे २०२५ मध्ये लीगने त्याचं नाव बंदीच्या यादीतून काढलं. त्याने लास व्हेगासच्या दुकानांत बसून वर्षानुवर्षं सह्या केल्या, त्यामुळे त्याची सही दुर्मीळ नाही आणि गुंतवणूक म्हणून तिचा उपयोग शून्य. पण दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा, दोन्हींवर तीच सही बघा. मी कितीतरी वेळ बघत बसले होते.

महाराष्ट्राशी खरा धागा असलेलं पुस्तक एकच आहे आणि माझ्या कपाटात ते सगळ्यात वर आहे: आर. ए. डिकी यांचं 'व्हेअरएव्हर आय वाइंड अप', २०१२ सालचं. तेव्हा न्यूयॉर्क मेट्स संघाचा हा पिचर. उजव्या कोपरातला एक महत्त्वाचा अस्थिबंध त्याच्याकडे जन्मापासूनच नसावा असं १९९६ साली तपासणीत निघालं आणि टेक्सास रेंजर्सनी ८ लाख १० हजार डॉलरची बोली ७५ हजारांवर आणली. पुढे बाउटनसारखाच तोही नकलबॉलकडे वळला. लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल त्याने या पुस्तकात लिहिलं आहे. त्या लिहिण्याला किती बळ लागलं असेल ते पानापानावर जाणवतं. जानेवारी २०१२ मध्ये तो किलिमांजारो चढला, ते कामाठीपुऱ्यात वेश्याव्यवसायात अडकवलेल्या मुलींसाठी काम करणाऱ्या बॉम्बे टीन चॅलेंजला निधी मिळावा म्हणून. दुखापत झाली तर करार रद्द होऊ शकतो असं संघाने बजावलं होतं, तरी गेला. त्याच मोसमात २० सामने जिंकून त्याने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला, आणि जानेवारी २०१३ मध्ये आपल्या मुलींना घेऊन मुंबईला येऊन ते काम प्रत्यक्ष पाहिलं. मुंबईत वाढलेल्या कुणालाही हे पुस्तक द्यावं. सही असो वा नसो.

सह्यांच्या अक्षराबद्दलही थोडं. पन्नास-साठच्या दशकातल्या खेळाडूंचं अक्षर शाळेत घोटून घेतल्यासारखं, प्रत्येक अक्षर वाचता येईल असं. आताच्यांचं बहुधा एक वळसा आणि एक रेघ. मिनेसोटा संघाचे हार्मन किलब्रू तरुण खेळाडूंना आवर्जून सांगायचे की सही नीट, वाचता येईल अशी करा. त्याच संघातून खेळलेल्या टोरी हंटर, मायकल कडायर यांच्या सह्या आजही स्वच्छ दिसतात त्या त्यामुळेच. मला किलब्रू यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं. रांगेत तासभर उभ्या राहिलेल्या माणसाला निदान नाव वाचता आलं पाहिजे.

सांभाळायला फार कष्ट नाहीत. जाड मार्कर पातळ कागदातून मागे उमटतो, म्हणून बारीक टोकाचं निळं पेन मीच पुढे करते. सही झाली की पान लगेच मिटायचं नाही. वेष्टणावर मायलर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचं आवरण चढवायचं, चिकटपट्टी कुठेही लावायची नाही. आणि पुस्तकं तळघरात ठेवायची नाहीत, जर्सीच्या उन्हाळ्यात तिथली दमट हवा कागद खाते.

तक्रारी आहेत. 'साइन्ड' हा शब्द ऑनलाइन फार सैल वापरला जातो. एका विक्रेत्याकडून आलेल्या प्रतीत सही पुस्तकावर नव्हतीच, वेगळ्या छापील पट्टीवर होती आणि ती आत चिकटवलेली होती. वर्णनात त्याचा उल्लेख नव्हता. त्याने पुस्तक परत घेतलं, पण पत्रव्यवहारात माझा जीव गेला. म्हणून आता सहीच्या पानाचा आणि हक्कपानाचा (कॉपीराइटच्या पानाचा) फोटो मागितल्याशिवाय मी पैसे देत नाही. बुक क्लबच्या आवृत्तीला पहिली आवृत्ती म्हणणारेही भेटतात. वेष्टणाच्या आतल्या घडीवर किंमत छापलेली आहे का ते बघावं, नसेल तर बहुधा ती बुक क्लबचीच प्रत.

भारतात राहून हे करायचं असेल तर अवघड जातं, कारण टपालखर्च बऱ्याचदा पुस्तकाहून जास्त होतो. अमेरिकेतल्या अमेरिकेत मीडिया मेल या टपालखात्याच्या सवलतीच्या सेवेने पुस्तकं स्वस्तात फिरतात, तेव्हा इथल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर जमा करून कुणाच्या तरी बॅगेतून नेणं हाच शहाणपणाचा मार्ग. सहीची छापील पट्टी साध्या लिफाफ्यातून येऊ शकते, ती मात्र चिकटवू नका, पुस्तकात तशीच ठेवा.

सध्या माझा शोध चालू आहे तो कर्ट फ्लड यांच्या 'द वे इट इज'साठी. १९६९ मध्ये सेंट लुईस संघाने त्यांना न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं, तेव्हा त्यांनी जायला नकार दिला आणि संघमालकांवर खटला भरला. जॅकी रॉबिन्सन यांनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात फ्लड हरले, त्यांचं खेळणं तर त्याआधीच संपलं होतं. खेळाडूंना संघ बदलायची मोकळीक मिळाली ती १९७५ च्या लवादात, इतरांच्या नावावर. पुस्तक १९७१ चं, फ्लड १९९७ साली गेले. कुणाच्या पाहण्यात सहीची प्रत आली तर जरूर कळवा. वेष्टण फाटकं चालेल, नसलं तरी चालेल, आत कुणाचंही नाव लिहिलेलं चालेल. फक्त सही पानावरच हवी, पट्टीवर नको.