बेनाव जुना पिकअप: लेबल, आटे, मीटर आणि आतली तार यांत कुणाचं ऐकायचं?

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचा कंप विजेच्या लहरीत बदलणारा भाग म्हणजे पिकअप, आणि दोन गुंडाळ्यांचा पिकअप म्हणजे हंबकर. असा जुना हंबकर हाती आला आहे, झाकणावर नाव नाही, आणि विकणारा फक्त 'गिब्सनचा असावा', म्हणजे त्या अमेरिकी गिटार कंपनीचा, एवढंच सांगतो. आता दोन गोष्टी ठरवायच्या असतात. तो कुणाचा आणि कधीचा हे एक, आणि ते कळण्यासाठी त्याचं झाकण उघडायचं की नाही हे दुसरं. घाई दुसऱ्या बाबतीत होते आणि नुकसानही तिथेच होतं. झाकण आणि खालची पट्टी यांना जोडणारे कारखान्यातले डाखाचे दोन ठिपके एकदा वितळले की तो पिकअप 'न उघडलेला' राहत नाही. म्हणून आधी बाहेरच्या खुणा एकमेकींशेजारी ठेवून पाहू.

सगळ्यांची नजर पहिल्यांदा लेबलवर जाते. सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी बनवलेल्या हंबकरच्या पेटंटचा अर्ज २२ जून १९५५ ला दाखल झाला आणि २८ जुलै १९५९ ला २८९६४९१ या क्रमांकाने तो मंजूर झाला. तरीही 'पेटंट अप्लाइड फॉर' असं छापलेली लेबलं साधारण १९६२ पर्यंत लागत राहिली. त्यानंतरच्या लेबलांवर क्रमांक आला तो २७३७८४२, आणि हा क्रमांक पिकअपचा नाहीच, गिटारवादक लेस पॉल यांच्या टेलपीसच्या, म्हणजे तारा अडकवायच्या भागाच्या, पेटंटचा आहे! हंबकरचा खरा क्रमांक पुढे सत्तरच्या दशकात थेट पट्टीवर ठोकलेला दिसतो. त्यामुळे साठच्या दशकातला म्हणून दाखवलेल्या पिकअपच्या लेबलवर 'बरोबर' क्रमांक असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. पण लेबल म्हणजे चिकटवलेला तुकडा. तो नव्याने छापता येतो, दुसऱ्या पिकअपवर लावता येतो, झिजून नाहीसाही होतो. खोटेपणा पकडायला लेबल उपयोगी पडतं, खरेपणा सिद्ध करायला ते पुरत नाही.

माझा भर स्क्रूच्या आट्यांवर असतो. तारेखालचे स्क्रू, म्हणजे जे वर-खाली करून प्रत्येक तारेचा आवाज जमवतात ते, गिब्सन आणि बहुतेक अमेरिकी पिकअपमध्ये ५-४० मापाचे असतात, म्हणजे इंचात ४० आटे. जपानी आणि नंतरच्या आशियाई पिकअपमध्ये बहुधा एम-३ असतो. दोन्हींची जाडी जवळजवळ सारखी, ३.१८ आणि ३ मिमी, त्यामुळे नुसत्या नजरेला फरक कळत नाही. एक स्क्रू काढून घ्या, कॅलिपरच्या टोकांत धरा आणि आट्यांच्या दहा फेऱ्या किती लांब होतात ते मोजा. ६.३५ मिमी भरले तर इंची, ५ मिमी भरले तर मेट्रिक. खालच्या पट्टीच्या पायांतल्या भोकांचंही तसंच. गिब्सनला तिथे ३-४८ चा स्क्रू लागतो. मेट्रिक स्क्रू त्यात एक-दोन फेरे जाऊन अडकतो. अडकला की जोर लावू नका, भोकातले आटे मरतात. स्क्रू मधल्या काळात कुणी बदललेला असू शकतो, पायातली भोकं सहसा कुणी बदलत नाही, म्हणून दोन्ही तपासावं.

आटे इंची निघाले म्हणजे जुना गिब्सन सापडला, असं मात्र नाही. चांगल्या नकलाही इंची आट्यांच्याच असतात. आट्यांवरून मैदान दोन भागांत विभागलं जातं, साल कळत नाही. आणि मेट्रिक निघाला म्हणून नाराज व्हायचं कारण नाही. निशिन ओनपा या जपानी कंपनीने, म्हणजे मॅक्सनवाल्यांनी, सत्तरच्या दशकात आयबनेझ गिटारांसाठी बनवलेले सुपर ७० पिकअप अनेकांना आजही मनापासून आवडतात.

आट्यांच्या जोडीला धातू पाहा. गिब्सनची पट्टी आणि झाकण जर्मन सिल्व्हरचं. न दिसणाऱ्या कोपऱ्यावर हलकं खरवडलं तर आतही राखाडीच दिसतं. स्वस्त पिकअपमध्ये मुलाम्याखाली पिवळं पितळ निघतं. पितळ वीज जास्त चांगली वाहतं, त्यामुळे त्यात भोवरी प्रवाह (बदलत्या चुंबकत्वामुळे धातूतच गोल फिरणारी वीज) जास्त तयार होतात आणि वरचे सूर दबतात. म्हणजे या खुणेतून ओळख तर पटतेच, आवाजाचाही अंदाज येतो.

आता मीटर. जाहिरातीत सर्वात ठळक छापला जातो तो रेझिस्टन्स, म्हणजे गुंडाळीतल्या तारेचा विजेला होणारा विरोध, आणि ओळख पटवायला सर्वात कमी कामाचाही तोच. सुरुवातीच्या गिब्सन हंबकरमध्ये तो साधारण ७ ते ९ किलोओहम असा फिरतो, पुढच्या 'टी-टॉप' या गिब्सन हंबकरमध्ये ७.५ च्या आसपास स्थिर होतो, आणि याच पट्ट्यात जगभरचे असंख्य पिकअप येतात. शिवाय तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांना ७.५ दाखवणारा पिकअप ३० अंशांना ७.८ दाखवेल. गुंडाळीला बारीक तार वापरली तर कमी वेढ्यांतही आकडा फुगतो. इंडक्टन्स, म्हणजे गुंडाळीचा चुंबकीय गुण, मोजणारा मीटर मिळाला तर तो जास्त खरं सांगतो: स्ट्रॅटोकास्टर गिटारचा सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचा पिकअप, साधारण २ ते २.५ हेन्री, गिब्सन धाटणीचा हंबकर ४ ते ५. साध्या मल्टिमीटरची खरी किंमत तब्येत पाहण्यात आहे. आकडाच येत नसेल तर तार तुटली आहे. अपेक्षेच्या निम्माच आला तर दोनपैकी एक कॉइल बाद आहे, किंवा कुणीतरी तिला वळसा घालून जोडणी केली आहे.

आतली तार आणि बॉबिन, म्हणजे ती गुंडाळलेला साचा, सर्वात पक्की साक्ष देतात. साधारण १९६३ पर्यंतची इनॅमल तार गडद, जांभळट तपकिरी दिसते, नंतरची पॉलियुरेथेनची तांबूस नारिंगी. टी-टॉपच्या बॉबिनवर उठावदार 'टी' असतो. दोन्ही बॉबिन क्रीम रंगाच्या असल्या तर उडी मारू नका. गिब्सनमध्ये त्या १९५९-६० च्या सुमारास आढळतात, पण तोच रंग पुढे डिमार्झिओ या पिकअप कंपनीचा ट्रेडमार्क झाला. त्यांच्या सुपर डिस्टॉर्शनमध्ये दोन्ही रांगांत ॲलन स्क्रू, सिरॅमिक चुंबक आणि १३ किलोओहमच्या वरचा रेझिस्टन्स असतो, त्यामुळे गफलत व्हायचं कारण नाही.

मग उघडायचा की नाही? आटे मेट्रिक आणि धातू पितळी निघाला तर उघडून हाती फारसं लागणार नाही, गिटारला लावा आणि वाजवून ठरवा. आटे इंची, धातू राखाडी, बाहेर येणारी वायर जाळीदार आवरणाची, एकेरी, आणि डाख शाबूत, असं सगळं जुळलं तर तो मुळीच उघडू नका. अशा पिकअपची निम्मी किंमत त्या न वितळलेल्या डाखात असते, आणि पुढची तपासणी जुने पिकअप नेहमी हाताळणाऱ्याकडून करून घ्यावी. झाकण पूर्वीच कुणी काढलेलं असेल, तर आतलं सगळं बिनधास्त पाहा. सत्तरच्या दशकात झाकणं काढून टाकायची लाटच होती, तेव्हा असे पिकअप बरेच सापडतात. पट्टीच्या कडेला जुन्या डाखाचे खरखरीत डाग दिसतात, त्यावरून ते ओळखू येतात.

मीटरवर आकडाच येत नसेल, तर उघडावंच लागतं. तेव्हाही नवी गुंडाळी करायला लगेच सांगू नका. तार पुष्कळदा बाहेरच्या टोकाशी, जोडाजवळच तुटलेली असते, आणि तेवढा एक जोड दिला की मूळ गुंडाळी जशीच्या तशी वाजू लागते.