दाखवली मोबाइलवर, विकली रीडरसाठी

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला, गोखले रस्त्यालगतच्या एका लहान दुकानातून मी गेल्या महिन्यात १,४५० रुपयांना एक केबल घेतली. लोकलच्या प्रवासासाठी माझ्याकडे जुना ई-बुक रीडर आणि गाण्यांचा छोटा प्लेअर आहे. ही दोन्ही उपकरणे या केबलने जोडली की एकाची बॅटरी दुसऱ्याला मिळेल आणि पुस्तके व गाणीही इकडून तिकडे पाठवता येतील, असे दुकानदाराने मला छातीठोकपणे सांगितले. प्रात्यक्षिकासाठी त्याने स्वतःचे दोन मोबाइल जोडले. त्यांतला एक लगेच चार्ज होऊ लागला, एक गाणेही पलीकडे गेले. माझी उपकरणे पिशवीतच होती, पण ती बाहेर काढून जोडून पाहावीत हे मला सुचले नाही.

घरी आल्यावर दोन्ही पडदे ढिम्म राहिले. उपकरणे दुरुस्त करणाऱ्या एका परिचितांनी नंतर उलगडा केला. यूएसबीच्या जोडणीत एका उपकरणाला होस्ट व्हावे लागते. वीज तेच पुरवते आणि फाइलींची देवाणघेवाणही तेच चालवते. मायक्रो-यूएसबीच्या ओटीजी, म्हणजे संगणकाशिवाय दोन उपकरणे थेट जोडणाऱ्या, केबलमध्ये पाच पिनांपैकी चौथी पिन ग्राउंडला जोडलेली असते, आणि त्या खुणेवरून मोबाइल ही भूमिका घेतो. माझ्या दोन्ही उपकरणांत मात्र होस्ट होण्याची सोयच नाही. म्हणजे पंगतीला दोघेही पाहुणे, वाढपी कोणीच नाही. तशी साधी ओटीजी केबल शंभर-दीडशे रुपयांत मिळते, हेही तेव्हाच कळले.

परत गेलो तेव्हा दुकानदाराने केबल पुन्हा मोबाइललाच लावून दाखवली आणि विचारले, “चालते आहे ना, मग खराब कशी?” केबल सदोष नव्हती, हे त्याचे म्हणणे खरेच होते, खोटे होते ते तिचे वर्णन. वस्तूच्या उपयोगाविषयी दिशाभूल करणे आणि बिल न देणे या दोन्ही गोष्टी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे, परंतु माझ्या हातात आहे ती केवळ एक कच्ची पावती, आणि तिच्यावर “केबल – १ नग” एवढेच लिहिलेले आहे. अशी केबल घ्यायचीच असेल, तर कोणत्या उपकरणावरून कोणते चार्ज होणार, हे दुकानदाराकडून पक्क्या बिलावर लिहून घ्यावे. माझ्या तक्रारीत नेमका तोच कागद कमी पडतो आहे.